पाखरांचं उष्टं

बहिणीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायला तिचा हात उठत नव्हता. हुरड्याच्या आगटीजवळ अंथरलेल्या घोंगडीवर ती पडली होती. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. मी तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती.

सून बांधाला धरून ओकत होती. ओकता ओकता म्हणाली, "आत्याबाई, मला धुरकट दिसायलंय."

माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं आणि बोटांना मुंग्या येत होत्या. पण मी उभी होते. तिघींत उभी राहू शकणारी मी एकटीच, ती पण सत्तरीच्या पुढची, दुखऱ्या खुब्याची. सुनेचा फोन तिच्या पदराच्या गाठीतून मी काढला. तिनं बोटानं दाखवलं तसं दाबलं आणि पोराला म्हणाले, "जशी असंल तशी गाडी घेऊन शेतात ये. मावशी चालली तुझी."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की शेतात आवाज नाही. उन्हं कलली होती. पौषात या वेळेला भोरड्यांचे थवे दुसऱ्या फेरीला येतात आणि त्यांच्या कलकलाटात शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. समोर ओढ्याकडच्या पट्ट्यात चिकात आलेली ज्वारी उभी होती, कणीस न् कणीस भरलेलं, आणि तिच्यावर एक पाखरू नव्हतं. बांधावरच्या विजेच्या तारेवर तीन कावळे बसले होते. ते खाली बघत होते, उतरत नव्हते.

मला तिथंच कळलं. पाच दिवस आधी कळायला पाहिजे होतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. घड्याळ मी कधी बांधलं नाही. लग्न होऊन लोहारा तालुक्यातल्या या गावात आले त्या हिवाळ्यापासून ज्वारीची राखण माझ्याकडं आहे. चार मेढी रोवून बांधलेला माळा, हातात गोफण, पदराच्या ओट्यात ढेकळं. पन्नास हिवाळे तेच केलं. त्यामुळं पाखराचा दिवस कसा जातो ते मला माहीत आहे. त्यात कौतुकाचं काही नाही. गुराख्याला गुरं कळतात तसं ते आहे.

भोरड्या तळ्याकाठच्या बाभळीत रात्र काढतात. दिवस उगवायच्या जरा आधी उठतात आणि सगळ्या मिळून निघतात. येताना दिसण्याआधी ऐकू येतात, सुपातून धान्य पाखडल्यासारखा आवाज. आमच्या शेताच्या ओढ्याकडच्या पट्ट्यात त्या आधी उतरतात. मग मागच्या भोरड्या पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढं बसतात, त्यांच्या मागच्या आणखी पुढं. असा थवा लोळत लोळत वरच्या पट्ट्यापर्यंत येतो. चिमण्यांचं तसं नाही. त्या बोरीच्या झुडपाला सोडून लांब जात नाहीत, काठाकाठानं खातात आणि भ्यायल्या की झुडपात शिरतात. राघू कणीसच कापून नेतो. खातो चार दाणे, टाकतो बाकीचं. होले खाली पडलेलं वेचतात, त्यांच्यावर मी कधी ढेकूळ टाकलं नाही. कासराभर दिवस वर आला की सगळ्यांची पोटं निम्मी भरतात आणि घाई कमी होते. भर दुपारी ओढ्यावर पाणी पिऊन सगळी कडुलिंबात बसतात. तेव्हा मी घरी भाकरी खायला जाते. उन्हं कलली की परत फेरी. ही फेरी वाईट असते, कारण रात्रभराचं पोटात घेऊन जायचं असतं. अशा वेळी पाखरू गोफणीला भीत नाही.

पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची, पाखरं वाटून खायची. आता सगळे सोयाबीन काढतात आणि हरभरा पेरतात. ज्वारी राहिली आमची आणि पलीकडं एकाची. म्हणून सगळी पाखरं आमच्या वाट्याला. पोरगा म्हणायचा, "माय, कशाला पेरायची? इकत आणू." मी म्हणायचे, विकतच्या ज्वारीची भाकर तू खा.

पोरगा लोहाऱ्याहून प्रवासी जीप चालवतो. सकाळी जातो, दिवस मावळता येतो. राखणीला त्याला वेळ नाही. दोन सालांमागं त्यानं भोंगा आणून बांधला. त्यात माणूस ओरडतो, कुत्रं भुंकतं, फटाका वाजतो. दोन दिवस पाखरं भ्याली. तिसऱ्या दिवशी साळुंकी भोंग्यावर बसून अंग खाजवत होती. सून तिथंच हसून हसून खाली बसली. चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, त्याही तशाच. मग परत मी आणि गोफण.

त्या पौषात मी माळ्यावरून पडले. पायरीचं लाकूड कुजलं होतं. खुब्याला मार लागला, मोडलं काही नाही. आठ दिवस पडून राहिले आणि परत गेले. पोरगा चिडला.

"तुला माळ्यावर चढायचा सोस हाय व्हय?"

"सोस न्हाय. खायला लागतंय."

"पडून मेलीस म्हंजी?"

"मग राखायला तू ये."

दोन दिवसांनी जेवताना त्यानं सहज विचारलं, "माय, पाखरं दिवसातनं कवा कवा नसतेत गं शेतात?" मला बरं वाटलं. पोरगं कधी शेतातलं काही विचारत नाही. मी सगळं सांगितलं. कुठून येतात, आधी कुठं उतरतात, किती वेळ खातात, दुपारी कुठं बसतात. तेव्हा मी पण शेतात नसते, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर ओढ्याकडच्या पट्ट्यात पाखरं उतरायची थांबली. पहिल्या सकाळी थवा आला. उतरला असंल थोडा, पण लगेच उठला आणि हरभऱ्याच्या रानावरून लांब गेला. त्या दिवशी बांधावर एक भोरडी मेलेली सापडली. मला वाटलं शिक्र्याच्या तावडीतून सुटून पडली असंल. पंखाला धरून कुत्र्यापुढं टाकली. कुत्र्यानं हुंगली आणि सोडून दिली. तेव्हाही मला काही कळलं नाही. वरच्या पट्ट्यात चिमण्या आणि थोड्या भोरड्या येत होत्या, त्यांच्यापुरती मी गोफण चालवत होते. खालचा पट्टा मोकळा. खरं सांगायचं तर मला आराम वाटला. खुबा दुखत होता. घरी येऊन सुनेला म्हणाले पण, "माझ्या गोफणीला अजून भीतेत बघ."

पाचव्या दिवशी येडशीची बहीण आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणते. दरसाल हुरड्याला येते. एसटीनं लोहाऱ्याला उतरली, तिथून माझ्या पोरानं जीपमधून शेताच्या वाटेवर आणून सोडली आणि तसाच पुढच्या फेरीला गेला.

हुरड्याला कणीस कसं निवडायचं ते मला सासूनं शिकवलं होतं. ज्या धाटावर पाखरानं चोच मारली, त्याच्या शेजारचं घ्यायचं. दाणा फार कोवळा असला तर पाखरू खात नाही, कडक झाला तर तो सोडून पुढचा मऊ दाणा बघतं. नेमक्या चिकातलं कणीस ते शोधतं. मी कायम तसंच करत आले. चार दाणे टिपलेली कणसंही चालतात, भाजल्यावर काय फरक पडतो? मी वरच्या पट्ट्याकडं निघाले.

अक्का घोंगडीवर बसल्या बसल्या म्हणाली, "दरसाल पाखराचं उष्टं खाऊ घालतीस मला. एवढी ज्वारी तुझी, बहिणीला धडकं कणीस द्यायला हात होत न्हाय व्हय गं?"

"उष्ट्यालाच गोडी आसती."

"आसंल तुझ्या सासरी. माझ्या घरी पाव्हण्याला उष्टं देत न्हाईत."

सून तोंडाला पदर लावून हसायली. मला राग आला. एवढ्याशा गोष्टीचा. मी मागं वळले, ओढ्याकडच्या पट्ट्यात गेले आणि जी एका दाण्यालाही धक्का न लागलेली, टपोरी कणसं होती ती ओटा भरून आणली. अक्कापुढं ओतली आणि म्हणाले, "घे. कुणी तोंड लावलेलं न्हाय."

सुनेनं गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसली, गरम गरम तळहातावर चोळून दाणे पाटीत काढले. लसणाची चटणी होती, गूळ होता. अक्काला दात चार. तिला भाजलेल्यापेक्षा कच्चा दाणा आवडतो. कणीस तोंडाला लावून ती चीक चोखत बसली. अशी सहा-सात कणसं तिनं चोखली असतील. सून चोळत होती आणि मधे मधे बकणा भरत होती. मी विस्तव सारत होते. वाढणारी शेवटी खाते, त्यामुळं माझ्या पोटात दोन मुठी गेल्या असतील. तेवढ्यात अक्का म्हणाली, "घाम का गं यायला मला?" पौषातला वारा सुटला होता आणि तिच्या चोळीची पाठ भिजली होती.

पोरगा आला तेव्हा त्याची जीप रिकामी होती. बसलेली माणसं त्यानं फाट्यावर उतरवली होती. त्यानं मावशीला बघितलं, मग विझत आलेली आगटी बघितली, मग आजूबाजूला पडलेल्या कणसांच्या बोंड्या बघितल्या. आणि विचारलं, "कुठल्या पट्ट्यातलं?"

हा त्याचा पहिला प्रश्न. मावशीला काय झालं, हा नाही.

मी म्हणाले, "ओढ्याकडचं."

त्यानं मावशीला उचलून मागच्या शिटावर टाकलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सून पुढं, हातात डबा धरून. शेताच्या वाटेवरून जीप आदळत निघाली. अक्काच्या घशात घरघर लागली होती. मी तिचं तोंड खाली करून बोटानं लाळ काढत होते.

"काय मारलंस ज्वारीवर?" मी विचारलं.

"काय न्हाय मारलं. मावशीला ऊन लागलं आसंल."

"पौषात?"

"मग हुरडा बाधला आसंल. लई खाल्ला आसंल."

"तिनं लई खाल्ला. तुझ्या बायकूनं? म्या?"

"माय, मला गाडी चालवू दे."

"चालव. पाच दिस झालं, त्या पट्ट्यात पाखरू बसंना. दिवस उगवताना न्हाय, उन्हं कलल्यावर न्हाय. आज बी न्हाय. कावळा तारंवर बसून बघतोय आन् खाली येत न्हाय. माझ्या गोफणीला भ्याली म्हणून तर न्हाय. तिथंवर माझं ढेकूळ बी जात न्हाय."

त्यानं गिअर बदलला. चाळीस वर्षांचा माणूस, पण लहानपणी दुधाचं पातेलं सांडून ‘म्या न्हाय’ म्हणत उभा राहायचा तसाच मागून दिसत होता.

"डाक्टर इचारंल काय पोटात गेलंय," मी म्हणाले. "म्या काय सांगू? ऊन?"

सून डब्यातून तोंड वर काढून म्हणाली, "अहो, सांगा की. मावशींचा जीव चाललाय आन् तुम्ही गप कशाला बसलाव?"

डांबरी रस्ता लागला. एक उसाचा ट्रॅक्टर मागं टाकला. मग मागं न बघता म्हणाला, "शिटाखाली पोतं हाय. त्यात बाटली हाय."

निघाल्यापासून माझ्या टाचेला काहीतरी लागत होतं. तीच.

मी पोतं ओढून बाटली काढली. निम्मी रिकामी होती. चौथी शिकलेल्या बाईला वाचता येईल एवढं मोठं त्यावर एकच शब्द असतो, लाल, ‘विष’, आणि तो वाचायचीही गरज नसते, खाली कवटी काढलेली असते.

"मला वाटलं तू वरच्या पट्ट्यातलंच घेशील," तो म्हणाला. "तू कायम उष्टंच घेतीस. कायम. म्हणून म्या वर मारलंच न्हाय."

तो म्हणत होता ते खरं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. पोरगा ‘चक्कर आली’ असं काहीतरी सांगायला लागला, तेवढ्यात मी बाटली तिच्या टेबलावर ठेवली. तिनं ती वाचली, अक्काच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि ओरडून दोन नर्सना बोलावलं. मग सुई टोचली, परत टोचली, परत डोळे बघितले, परत टोचली. तिघींचे कपडे उतरवले आणि साबणानं अंग धुतलं. मलाही एक सुई दिली.

"आजी, खाऊन किती वेळ झाला?"

"पाखरं पाणी पिऊन लिंबात बसली होती तवा पहिली आगटी पेटिवली."

"वाजले किती होते?"

"साडेबारा धरा. तरास सुरू झाला त्याला आता दीड तास झाला आसंल."

तिनं तसं लिहून घेतलं. नंतर म्हणाली की बाटली आणली ते बरं केलं, नाहीतर आधी काय झालंय हे शोधण्यात वेळ गेला असता. हे ती पोराकडं बघून म्हणाली नाही, पण तो तिथंच उभा होता.

अक्काला रुग्णवाहिकेतून धाराशिवला नेलं. घशात नळी घातली. पुढचे दिवस मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. सुनेला दोन दिवसांत सोडलं. अक्का डोळे उघडायची, पण कुणाला ओळखते आहे ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, सांगता येत नाही. भाचे येडशीहून आले. त्यांनी माझ्याशी बोलणं ठेवलं नाही. ते त्यांच्या जागी बरोबर होते.

पोलिस जबाब घ्यायला आला. "कुणावर संशय?" असं विचारलं. मी म्हणाले, "संशय कशाचा? माझ्या पोरानं पाखरं मारायला औषध मारलं. आम्हाला सांगितलं न्हाय. आम्ही खाल्लं." पोरगा शेजारीच होता. त्यानंही तेच सांगितलं, खाली मान घालून.

तो रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा. एकदा व्हरांड्यात बसून म्हणाला, "माय, तुझ्या खुब्यापायी केलं म्या."

"माझ्यापायी म्हणू नको."

"मग कुणापायी?"

"इचारलं आसतंस तर म्या न्हाय म्हणली आसते. म्हणून इचारलं न्हाईस."

मग मी विचारलं, "मेलेली पाखरं कुठं टाकलीस?"

"रोज संध्याकाळी येचून ओढ्यात पुरली. तुला दिसू नयेत म्हणून." मग म्हणाला, "एक तुला घावली व्हती ती राहून गेली."

त्याला पाखरांची वेळ मीच सांगितली. पट्टा मोकळा पडला तेव्हा चौकशी न करता खूश झाले ती मीच. आणि पन्नास वर्षांची सवय बहिणीच्या एका टोमण्यावर मोडली ती पण मीच. हे मी पोराला सांगितलं नाही. त्याला तेवढाच आधार सापडला असता.

नवव्या दिवशी नळी काढली. अक्काचा आवाज खरखरीत येत होता. मी पुढं गेले तर माझ्याकडं बराच वेळ बघून म्हणाली, "धडकं कणीस दिलंस गं." ती चेष्टा करत होती की बोलत होती, मला आजही नक्की सांगता येत नाही.

ओढ्याकडचा पट्टा आम्ही पेटवून दिला. कडबाही गुरांना घातला नाही.

या साली ज्वारी निम्मीच पेरली. माळा मोडून टाकला. पोरगा सकाळी जीप काढायच्या आधी शेतात येतो, दिवस उगवताना पहिली फेरी असते तेवढा वेळ पत्र्याचा डबा बडवतो आणि जातो. पुढचं मी खुर्चीवर बसून बघते. भोरड्या आल्या. किती कमी आल्या ते मला सांगता येणार नाही, थव्यातलं पाखरू ओळखू येत नाही. पण ओढ्याकडच्या पट्ट्यात उतरल्या, आणि त्या उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ज्या पाखरांवर जन्मभर ढेकळं टाकली ती बसावीत म्हणून मी हात आवरून बसले होते. सुनेला म्हणाले, खाऊ दे त्यांना पोटभर.

अक्का यंदा येणार नाही असं धरून चालले होते. भाच्यांनी पाठवलीही नसती. ती त्यांच्याशी भांडून आली. घोंगडीवर बसली आणि म्हणाली, "उष्टंच दे गं आता."

दोन दिवस पाखरांनी खाल्लेल्या जागेवरची कणसं मी आणली. आधी मी खाल्ली आणि संध्याकाळी बगळे तळ्याकडं परतेपर्यंत तिला एक दाणा घेऊ दिला नाही. ती शिव्या देत बसली. तिचा उजवा हात आता थरथरतो, कणीस धरता येत नाही, म्हणून चोळून तिच्या डाव्या हातावर मी घातलं. सुनेनं खाल्लं नाही. ती हुरड्याला हात लावत नाही आणि मी तिला आग्रह करत नाही. पोरगा त्या दिवशी लवकर आला, जीप वाटेवरच थांबवून बराच वेळ आत बसून राहिला आणि शेवटी खाली न उतरता घरी गेला.

ओढ्यात पुरलेली पाखरं तिथंच आहेत. गेल्या साली त्या आगटीजवळ आम्ही तिघी बसलो होतो. बहीण जगली, सून जगली, मी जगले.